चौऱ्याऐंशीचा शिक्का आणि अण्णांचे सहा ग्लास

पत्राचा गोषवारा: नाशिकचे एक वाचक, वय ५३. वडील, म्हणजे अण्णा, ओझरच्या विमान कारखान्यात होते. १९७२ साली ते प्रशिक्षणासाठी सात महिने सोव्हिएत युनियनमध्ये राहून आले आणि येताना चहाचे सहा ग्लास घेऊन आले. ग्लास साधे काचेचे, पण प्रत्येकाला कानाचा, नक्षीचा धातूचा साज. अण्णा गेले आणि लॉकडाउनमध्ये ते ग्लास न्याहाळता न्याहाळता या वाचकांना जुन्या रशियन चांदी-काचेच्या पेल्यांचा नाद लागला. आजवर चौदा वस्तू जमल्या आहेत, सव्वातीन लाख खर्ची पडले आहेत. आता युरोपातला एक विक्रेता व्होडकाचे सहा पेले देऊ करतो आहे: कापीव काच, वर आणि खाली चांदीचे पट्टे, फाबर्जे या झारच्या काळातल्या नामांकित रशियन जवाहिऱ्याचा शिक्का, शेजारी ८४ चा आकडा. एका पेल्याची काच नंतर बदललेली आहे. किंमत साडेसात लाख. पत्नीचा विरोध आहे, कारण पुढच्या वर्षी मुलीची परदेशातली फी भरायची आहे. वाचकांच्या मते हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. पैसे कमी पडतात म्हणून अण्णांचे सहा ग्लास (‘तसेही ते जर्मन सिल्व्हरच’) आणि आणखी चार वस्तू विकून टाकाव्यात असे त्यांच्या मनात आहे. विक्रेता म्हणतो, तिघे रांगेत आहेत, शुक्रवारपर्यंत कळवा. कस्टम्ससाठी ‘जुनी काचभांडी, भेट’ असे लिहून देईन. आणि आईचे म्हणणे, दारूचे पेले देवघराला लागून असलेल्या शोकेसमध्ये नकोत. प्रश्न एकच: घेऊ का?

नमस्कार.

हे सदर तुमच्या हाती पडेपर्यंत तो शुक्रवार कधीच उलटून गेलेला असेल, म्हणून एका शब्दाचे उत्तर तुम्हाला आधीच कळवले होते: थांबा. का थांबा, ते आता सविस्तर. तुमच्या पत्रासोबत आलेले नऊ फोटो मी तीन रात्री भिंग लावून बघितले. फोटोवरून खरे-खोटे ठरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, मीही तो नाही. पण फोटोत काही गोष्टी खटकल्या आणि पत्रात त्याहून जास्त खटकल्या.

सुरुवात ८४ पासून करू, कारण तुमचा सगळा भरवसा त्या आकड्यावर आहे. तुम्ही लिहिता, ‘चौऱ्याऐंशीचा शिक्का आहे म्हणजे प्रश्नच मिटला.’ हा आकडा काय सांगतो? जुन्या रशियात शुद्धता झोलोत्निकमध्ये मोजत. एका रशियन पौंडात ९६ झोलोत्निक, म्हणून शुद्ध चांदी ९६ ची. तुमच्या आजीच्या पिढीला हे हिशेब तोंडपाठ असते: आठ गुंजा म्हणजे मासा, बारा मासे म्हणजे तोळा, म्हणजे तोळ्यात गुंजा शहाण्णवच. ८४ ची चांदी म्हणजे तोळाभर धातूत साडेदहा मासे चांदी आणि दीड मासा भेसळ. सराफाच्या भाषेत साडेसत्त्याऐंशी टंच. ८८ आणि ९१ चे शिक्केही भेटतात, पण रोजच्या कामाची रशियन चांदी बहुतेक ८४ चीच. थोडक्यात, हा आकडा टंच सांगतो. वस्तू कुणी घडवली, केव्हा घडवली, आतली काच तिचीच आहे का, यातले काहीही तो सांगत नाही.

हे मी पैसे मोजून शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका जुन्या बाजारात मी एक चार्का घेतली. चार्का म्हणजे व्होडकाची कान असलेली इवलीशी वाटी. पूर्वी ते मापाचेही नाव होते, साधारण १२३ मिलिलिटर. मोठ्या बादलीचा, म्हणजे वेद्रोचा, शंभरावा भाग. माझ्या चार्केवर ८४ होते, मॉस्को शहराचा शिक्का म्हणजे घोड्यावरचा सेंट जॉर्ज होता, सालसुद्धा होते. घरी आल्यावर आमच्या ओळखीच्या सराफाला मोठ्या तोऱ्यात दाखवली. त्याने ती हातात तोलली, डोळ्याला भिंग लावले, मग वाटी पालथी करून शिक्क्याच्या बरोबर मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. म्हणाला, ‘ताई, चांदी झक्कास आहे. पण शिक्का मारलेला नाही, ओतलेला आहे.’

मला कळेना. त्याने त्याच्याकडची एक जुनी तबकडी काढून शेजारी ठेवली. पंच ठोकला की धातू दबतो, कडा तीक्ष्ण उठतात, पत्रा पातळ असेल तर मागे बारीक उंचवटा येतो. माझ्या चार्केवरच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या होत्या, चार दिवस वापरलेल्या वडीवरच्या. कुणीतरी खऱ्या चार्केचा साचा घेऊन शिक्क्यांसकट नवी ओतली होती. चांदी खरी, वय खोटे. ती चार्का माझ्याकडे अजून आहे. तिच्यात मी सेफ्टी पिना ठेवते.

तुम्ही नाशिकचे आहात. चांदीच्या भांड्यांसाठी लोक जिथे मुद्दाम येतात त्या गावात राहता आणि सल्ला मागता परक्या विक्रेत्याकडे! सराफ बाजारातल्या एखाद्या जुन्या कारागिराला फाबर्जे कोण हे माहीत नसेल, पण ठोकलेले आणि ओतलेले, सांधा जोडल्याचा जुना डाग आणि नवा डाग, हे तो अंधारातही सांगेल. तुमच्या जमलेल्या चौदा वस्तू आधी त्याला दाखवा. दृष्टीआड कस लावायला सांगा, दर्शनी बाजूवर ॲसिडचा थेंब पडू देऊ नका.

आता तुमचे फोटो. चौथ्या फोटोत शिक्का बऱ्यापैकी स्पष्ट आहे: बाईचा मुखवटा, डोक्यावर कोकोश्निक, म्हणजे कपाळावर उभी राहणारी रशियन बायकांची टोपी. हा मुखवटा १८९९ च्या सुमारास सगळ्या साम्राज्यासाठी लागू झाला. त्याआधी शहरागणिक शिक्के वेगळे होते. मॉस्कोचा घोड्यावरचा सेंट जॉर्ज, पीटर्सबर्गचे एकमेकांवर आडवे टाकलेले जहाजाचे दोन नांगर आणि राजदंड, सोबत तपासनिसाची आद्याक्षरे आणि बहुधा साल. नव्या पद्धतीत सुरुवातीला बाईचे तोंड डावीकडे आणि शेजारी त्या विभागाच्या तपासनिसाची आद्याक्षरे. मॉस्कोत तो इव्हान लेबेद्किन, म्हणून रशियन ‘इ’ आणि ‘ल’. १९०८ पासून तोंड उजवीकडे वळले, आद्याक्षरे गेली आणि त्यांच्या जागी विभागाचे ग्रीक अक्षर आले. मॉस्कोला डेल्टा, पीटर्सबर्गला आल्फा.

तुमच्या फोटोतली बाई उजवीकडे बघते आहे आणि तिच्या शेजारी ‘इ’ आणि ‘ल’ आहेत. म्हणजे उजवीकडे बघणाऱ्या बाईच्या वाट्याला डावीकडे बघणाऱ्या बाईचा तपासनीस आला आहे. फोटो आरशासारखा उलटा झाला असेल का, हेही मी तपासले. ८४ सरळ वाचता येतो, म्हणजे नाही. एवढ्यावरून ‘बनावट’ असा शिक्का मी मारणार नाही, पण साडेसात लाख मागणाऱ्या माणसाने याचे उत्तर द्यायला हवे. त्याला विचारा. उत्तराऐवजी पुन्हा रांगेतले तिघे आले, तर तेच उत्तर समजा.

फाबर्जे हे नाव स्वतःच एक अडचण आहे. कार्ल फाबर्जेने वडिलांचा धंदा १८७२ मध्ये हाती घेतला. १८८७ मध्ये मॉस्कोची शाखा निघाली, आणि चांदीचे मोठे काम मुख्यतः तिथे होत असे. क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, कारखाना सरकारजमा झाला, फाबर्जे देश सोडून गेला आणि १९२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. म्हणजे माल किती तयार झाला याला मर्यादा आहे आणि मागणीला मर्यादा नाही. अशा ठिकाणी काय होते ते आपल्याकडे पैठणीच्या बाजारात बघतोच. खोट्या फाबर्जेसाठी या धंद्यात ‘फोबर्जे’ असा शब्दच रूढ आहे. त्यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे वस्तू जुनी, चांदी खरी, काच खरी, पण मूळ कारागिराचा शिक्का घासून तिथे मोठ्या नावाचा पंच मारलेला. असा शिक्का कसोटीवर पास होतो, कारण कसोटी नाव वाचत नाही.

काच या सगळ्यात आणखी गोंधळ घालते. त्या काळच्या बहुतेक कापीव काचेवर कारखान्याचे नावच नसते. ती गुस-ख्रुस्ताल्नी गावच्या माल्त्सोव्ह घराण्याची (१७५६ पासून), पेन्झाकडच्या बाख्मेत्येव्ह कारखान्याची (१७६४ पासून) की शाही काच कारखान्याची, हे बहुधा घाट, कापणी आणि रंगावरून ठरते. म्हणून जुना चांदीचा पट्टा कुठल्याही काचेला बसवून ‘संच’ तयार करता येतो. इंग्रज दलाल याला ‘लग्न’ म्हणतात. आपल्याकडचे लग्न जमवणारे निदान पत्रिका तरी बघतात. फाबर्जेच्या चांदीने मढवलेली काच मी संग्रहालयांत आणि लिलावांच्या यादीत पाहिली आहे ती बहुतेक सुरया, जग, मोठे वाडगे. व्होडकाच्या छोट्या पेल्यांचा अख्खा सहाचा संच समोर आला की माझी भुवई आपोआप वर जाते.

मग काच बघायची कशी? पेला उलटा धरून तळ बघा. शंभर वर्षे टेबलावर सरकलेल्या काचेच्या तळाच्या कडेला बारीक ओरखडे असतात, वाट्टेल त्या दिशांना गेलेले आणि फक्त जिथे तळ टेकतो तिथेच. सगळे ओरखडे एकाच दिशेने, शिस्तीत गेलेले असतील तर ते पॉलिश पेपरचे. चांदीचा पट्टा काचेला जिथे भिडतो त्या रेषेवर जुना, काळपट, घट्ट मळ असायला हवा. पांढरी स्वच्छ लुकण दिसली तर कुणीतरी अलीकडे हात घातला आहे. आणि सहाही पेले अगदी एकसारखे झिजलेले असतील तर जास्त शंका घ्या. कुठल्याही घरात सहातला एक पेला लाडका असतो, तो जास्त झिजतो.

बदललेल्या काचेबद्दल तुम्ही विचारले आहे, त्यात दोन प्रकार आहेत. चहाच्या साजातला ग्लास सुटा असतो. तो फुटायचाच आणि बदलायचाच; रशियन माणूसही त्याचा शोक करत नाही, साजाची किंमत त्याने उतरत नाही. तुमच्या पेल्यांची काच मात्र पट्ट्यात जडवलेली आहे. तिथे काच बदलली म्हणजे पट्टा उकलला, पुन्हा बसवला, वस्तूचे अर्धे अंग नवे झाले. विक्रेत्याने ते सांगितले हे चांगलेच, पण तुमच्या पत्रावरून त्याने त्यासाठी पैसे कमी केलेले दिसत नाहीत. शिवाय जो एकाचे सांगतो त्याने बाकी पाचांचे लेखी द्यायला काय हरकत आहे?

आता ‘गुंतवणूक’. चांदी कुठल्या कुठे गेली, असे तुम्ही म्हणता. गेली, पण तुम्ही चांदी कुठे घेताय? एका पेल्यावरचे दोन पट्टे मिळून ५० ग्रॅम धरू, सढळ हाताने. सहांचे ३०० ग्रॅम, साडेसत्त्याऐंशी टंचाने शुद्ध चांदी २६२.५ ग्रॅम. भाव किलोला दोन लाख धरला तर साडेबावन्न हजार. उरलेले सात लाख तुम्ही नावाला आणि काचेला देता. चांदी दुप्पट झाली तर तुमचे बावन्न हजार वाढतील. नावाचा भाव मात्र चांदीवर चालत नाही, तो घेणाऱ्यावर चालतो. रशियन वस्तूंचे बडे खरेदीदार मुख्यतः रशियनच होते. २०२२ च्या युद्धानंतर लंडनच्या बड्या लिलावगृहांनी त्या जूनमधले खास रशियन लिलावच रद्द केले. तुम्हाला उद्या विकायचे झाले तर नाशकात गिऱ्हाईक कोण? वस्तू परदेशी पाठवायची तर विम्याचे, वाहतुकीचे पैसे, लिलावगृहाचे कमिशन, आणि त्याआधी आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांपलीकडची कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेण्यावर त्यात कडक बंधने आहेत. मुलगी पुढे परदेशात स्थायिक झाली तर बॅगेत घालून नेईल, हे तर गृहीतच धरू नका.

आवडीची वस्तू आवडते म्हणून घेतली तर मला काहीच म्हणायचे नाही. मी सेफ्टी पिनांसाठी चांदीची वाटी वापरणारी बाई आहे. पण तुमच्या पत्रात हे पेले सुंदर आहेत असे एकही वाक्य नाही. मी पुन्हा वाचून खात्री केली. नाव आहे, आकडा आहे, किंमत आहे, वाढ आहे. आणि अण्णांच्या ग्लासांबद्दल? तिथे तुम्ही दीड पान लिहिले आहे. रविवारी सकाळी अण्णा काळा चहा करायचे, लिंबाची चकती टाकायचे, तुम्हाला ग्लास धरू द्यायचे आणि चटका न बसण्याचे कौतुक दर वेळी नव्याने सांगायचे. मग पुढच्याच ओळीत, ‘तसेही जर्मन सिल्व्हरच, विकून टाकतो.’

त्या वस्तूचे नाव पोदस्ताकान्निक. पोद म्हणजे खाली, स्ताकान म्हणजे ग्लास, ग्लासाखालचा. रशियन माणूस चहा काचेच्या ग्लासात उकळता पितो, म्हणून धरायला हा साज. आगगाडीत तर तो हवाच: डबा हलतो, जड बुडाचा साज ग्लासाला पडू देत नाही. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो, तिथून डब्याची सेविका, प्रोवोद्नित्सा, दोन्ही हातांत तीन-तीन ग्लास धरून किणकिणत येते. आजही. अण्णा सात महिने तिथे होते, म्हणजे हा किणकिणाट त्यांनी नक्की ऐकला असणार.

आणि ‘जर्मन सिल्व्हर’ तरी कुठे ठरले? तुम्ही साजाचे पुढून, बाजूने, कानाचे फोटो पाठवलेत. तळाचा एकही नाही. सोव्हिएत काळातले बहुतेक साज व्लादिमीर प्रांतातल्या कोल्चुगिनो गावच्या कारखान्याचे असत. तळाला रशियनमध्ये ‘मेल्खिओर’ असेल तर ते तांबे आणि निकेलचे. ‘एम-एन-त्स’ ही तीन अक्षरे असतील तर तांबे, निकेल, जस्त, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. पण पंचकोनी ताऱ्यात विळा-हातोडा आणि शेजारी ८७५ असेल, तर ती १९५८ नंतरची खरी चांदी आहे, आणि गंमत म्हणजे टंच तोच: साडेसत्त्याऐंशी, तुमच्या साडेसात लाखांच्या पेल्यांइतकाच. तुमच्या एका फोटोत कानाजवळ काळ्या रेघांची फुलवेल दिसते. ती मळाची नसून चांदीत काळा मिश्रधातू वितळवून भरलेली, म्हणजे नीएलो असू शकते. त्या कामासाठी रशियाच्या उत्तरेतले वेलीकी उस्त्युग गाव प्रसिद्ध आहे. सहाही तसे असतील असे नाही. कारखान्याने भेट दिलेला एक आणि दुकानातून घेतलेले पाच, असेही घडते.

तुमच्या आई हे ग्लास दिवाळीला चिंच लावून रांगोळीने घासतात, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि यंदापासून ते काम काढून घ्या. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, दंतमंजनही तसेच. त्याने नक्षीची धार जाते, मुलामा असेल तर तो जातो, नीएलो असेल तर काळी वेल पुसट होत जाते. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ सुती कापड, लगेच कोरडे करणे, एवढेच. जडवलेल्या काचेचे पेले पाण्यात बुडवून ठेवू नका, लुकण सुटते. ठेवताना रबर बँड, वर्तमानपत्र, लोकरीचे कापड नको. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम. शोकेस नव्या प्लायवूडचे असेल तर वास जाईपर्यंत चांदी आत ठेवू नका.

दारूचे पेले देवघराशेजारी नकोत, हे आईंचे म्हणणे मला काही जाचक वाटत नाही. शोकेस दोन भिंती पलीकडे हलवता येते, आई हलवता येत नाहीत.

पत्नीबद्दल तुम्ही लिहिता, ‘तिला यातले कळत नाही.’ मला वाटते त्यांना यातले व्यवस्थित कळते. त्यांनी तुम्हाला पहिल्या तेरा वस्तूंना अडवले नाही, चौदाव्यालाही नाही. त्या अडल्या साडेसात लाखांपाशी आणि पुढच्या वर्षीच्या फीपाशी. हा छंदाला विरोध नव्हे, तारखेला विरोध आहे. मी तुमच्या जागी असते तर त्यांच्यासमोर बसून वर्षाची एक रक्कम ठरवली असती, तीस हजार असो की साठ, आणि ती संपली की पुढच्या पाडव्यापर्यंत फक्त बघायचे. बघण्यासारखे भरपूर आहे. वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात साम्राज्यकालीन रशियन चांदी, काच आणि चिनीमाती आहे, सेंट पीटर्सबर्गच्या शुवालोव्ह राजवाड्यात २०१३ पासून फाबर्जे संग्रहालय आहे, मॉस्कोत क्रेमलिनचे शस्त्रागार आहे. अशा संग्रहालयांच्या खऱ्या वस्तूंचे फोटो घरबसल्या मोठे करून बघता येतात. खऱ्या शंभर वस्तू बघितल्या की एकशे एकावी खोटी आली तर नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी पोटात काहीतरी हलते. पुण्यात असाल तेव्हा केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. अडकित्ते, दिवे, दौती, करंड्या. काका केळकरांनी ज्या वस्तू जमवल्या त्यातल्या कितीतरी त्या काळी मोडीतल्या भावाच्या होत्या.

आणि आठ दिवसांत रशियन मुळाक्षरे शिकून घ्या. अक्षरे ३३, त्यातली बरीच ओळखीची. हे मी हौसेने सांगत नाही. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि तिथल्या फ्राझे, नोर्ब्लिन या कारखान्यांनी चांदीचा मुलामा दिलेले साज ढिगांनी केले. रशियन लिपीत ‘फ्राझे’ आणि ‘फाबेर्झे’ ही नावे न वाचता बघणाऱ्याला एकच वाटतात. तुमच्या यादीतली नववी वस्तू, बावन्न हजारांची, ‘फाबर्जे शैली, शिक्क्यासह’ अशी लिहिलेली, तिचा शिक्का मी वाचला. ते फ्राझे आहे. मुलाम्याचे चांगले, जुने काम आहे, छान दिसते, पण बावन्न हजारांचे नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटणार, ठाऊक आहे. माझ्या पिनांची वाटी डोळ्यांसमोर आणा.

असाच व्यवहार समोर असलेल्या बाकी वाचकांसाठीही सांगते: विक्रेत्याने कस्टम्सला ‘भेट’ लिहून देतो म्हटले की तिथेच उठा. खोटी किंमत लिहिली म्हणजे वाटेत काच फुटली तर विमा त्या खोट्या किमतीचाच, पकडले गेलात तर दंड तुम्हाला, आणि वस्तू कायदेशीर मार्गाने आली याचा एकमेव कागदही खोटा. वस्तू थेट रशियातून येत असेल तर जुन्या सांस्कृतिक वस्तूंसाठी तिथला तपासणी-परवाना लागतो. ‘आजोबांनी दिली’ हा परवाना नव्हे. बिलावर कारागीर, अंदाजे काळ, काच मूळची की बदललेली, दुरुस्त्या आणि खोटी निघाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे सगळे लेखी हवे. लिलावात घेत असाल तर बोलीवर वीस-पंचवीस टक्के किंवा जास्त प्रीमियम, वर वाहतूक, ड्युटी आणि कर लागतात. पाच लाखांची बोली लावणारा पाच लाखांत सुटत नाही.

तुमचे पेले मी विकत घेतले नसते. हाच संच कुणा अनामिक आर्तेलच्या, म्हणजे कारागिरांच्या सहकारी मंडळाच्या शिक्क्याचा असता, विक्रेत्याने बाई-तपासनिसाचा गुंता सोडवून दाखवला असता आणि किंमत तुमच्या वर्षाच्या रकमेत बसली असती, तर ‘घ्या, आणि मलाही दाखवा’ म्हटले असते. चार वस्तू विकायच्या असतील तर जरूर विका, त्यातल्या दोन तशाही तुम्हाला आवडत नाहीत हे तुमच्या फोटोंच्या कोनावरून कळते. फ्राझेचा साज मात्र फ्राझे म्हणूनच विका.

अण्णांचे सहा ग्लास यादीतून काढा. आज संध्याकाळी एकेक पालथा करून तळ बघा आणि फोटो पाठवा. दिवसाच्या उजेडात, तिरका उजेड पडेल असा, फ्लॅश न मारता. फक्त पालथा करण्याआधी आतला काचेचा ग्लास काढून बाजूला ठेवा. तो सुटा असतो, हे मी वर लिहिले आहेच. तरीही मी स्वतः दोन फोडले आहेत.